जुन्या आवाजाचे सुटे भाग

रमजानचा चांद दिसायला आठ-दहा दिवस उरले की बारामती-इंदापूरकडच्या लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानांत कामाची रांग लागते. कुणाचा भोंगा चिरका बोलत असतो, कुणाच्या माइकची वायर आतून तुटलेली असते, तर कुणाच्या ॲम्प्लिफायरमधून आवाजाऐवजी नुसती घरघर ऐकू येते. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, त्याआधीही या दुकानांत हीच धावपळ असते. मग गणेशोत्सव येतो, उरूस येतात, लग्नसराई येते. गिऱ्हाईक बदलते, टेबल तेच राहते. सहरीची सूचना देणारा ॲम्प्लिफायर आणि काकड्याचा ॲम्प्लिफायर या टेबलावर शेजारी शेजारी उघडे पडलेले असतात, आणि दोघांचा आजारही बहुधा एकच असतो.

अशा दुकानात अधूनमधून एक वेगळीच पेटी येते. पत्र्याची, जड, एका हाताने न उचलणारी. वर जाळी, पुढे मोठाले काळे नॉब आणि बाजूला ती देणाऱ्याचे नाव ऑइलपेंटने लिहिलेले. बटण दाबले की लगेच बोलत नाही. अर्धा मिनिट थांबते, आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस होतात आणि मग आवाज येतो. हा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. १९४० पासून या धंद्यात असलेल्या दिल्लीच्या आहुजा कंपनीचे नाव आपल्याकडे लाउडस्पीकरशी इतके जोडले गेले, की पेटी कुणीही बनवलेली असो, लोक तिला ‘आहुजा’च म्हणतात. मशिदीच्या हुजऱ्यात, देवळाच्या कोठीत, मंडपवाल्याच्या गोदामात, बेंजो पार्टीच्या सामानात अशा पेट्या आजही धूळ खात पडल्या आहेत. त्यांना पुन्हा बोलते करायचे, तर प्रश्न एकच असतो: सुटे भाग आणायचे कुठून?

गिटारवाल्यांना तो आवाज का हवा?

हा प्रश्न आपल्या दोन तालुक्यांपुरता नाही. इंग्लंड-अमेरिकेत जुने गिटार ॲम्प्लिफायर जपणारे हजारो लोक याच शोधात असतात. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल ॲम्प्लिफायर तयार झाला. अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या ॲम्प्लिफायरवरून त्याची मांडणी घेतली होती. त्याच काळात इंग्लंडच्या व्हॉक्स कंपनीचा ‘एसी ३०’ गाजला. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्येच लागला होता आणि पुढे रेडिओपासून टीव्हीपर्यंत सगळीकडून व्हॉल्व्ह हद्दपार झाला. गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडले नाही.

कारण साधे आहे. ट्रान्झिस्टरवर ताण आला की तो आवाजाचा माथा एकदम कापतो, आणि कानाला ते टोचते. व्हॉल्व्ह तसा एकाएकी मोडत नाही. तो हळूहळू वाकतो, त्यामुळे सुरात थोडा भरदारपणा, थोडी खरखर मिसळते. तंत्राच्या भाषेत हा दोषच, पण गिटारवाल्याच्या कानाला तो गोडवा वाटतो.

आपल्याकडे गिटारपेक्षा बेंजो जवळचा. मूळ जपानी तायशोगोतो या वाद्याचा हा भारतीय भाऊबंद, त्याला बुलबुलतरंग असेही म्हणतात. तारांखाली पिकअप बसवून तो ॲम्प्लिफायरला जोडला की वरातीत, संदलच्या मिरवणुकीत, गणपतीपुढे सारखाच वाजतो. जुन्या बेंजोवाल्यांना ‘व्हॉल्व्हच्या मशीनवरचा बेंजो’ आठवतो, त्यामागचे कारणही गिटारवाल्यांचेच आहे. त्यांनी फक्त त्याला इंग्रजी नाव दिले नाही. आता कॉलेजातली गिटार वाजवणारी मुलेही जुन्या पेट्यांची चौकशी करू लागली आहेत. सभेसाठी बनवलेला जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर थोडे फेरफार करून गिटारसाठी वापरण्याची पद्धत जगभर आहे.

नाव वाचता आले की निम्मे काम झाले

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत एक तार तापते. तिच्या उष्णतेने कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पट्टीवरच्या मोठ्या व्होल्टेजकडे धावतात. मध्ये ग्रिड नावाची बारीक जाळी असते. माइकमधून आलेले किंचितसे व्होल्टेज या जाळीवर दिले की ते त्या मोठ्या प्रवाहाला आवरते किंवा सोडते. कालव्याच्या दारेवर एक माणूस हाताने पाणी कमी-जास्त करतो, तसेच हे आहे.

बदली व्हॉल्व्ह शोधताना त्याचे नाव वाचता आले पाहिजे. युरोपीय पद्धतीत ‘ईसीसी ८३’ या नावातला ‘ई’ सांगतो की आतली तार ६.३ व्होल्टवर तापते. ‘सी’ म्हणजे ट्रायोड, दोन ‘सी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड. ‘८’ वरून कळते की खाली नऊ बारीक पिना आहेत. ‘ईएल ८४’ मधला ‘एल’ म्हणजे आवाजाला ताकद देणारा शेवटचा व्हॉल्व्ह. ‘ईझेड ८१’ मधला ‘झेड’ म्हणजे एसीचे डीसी करणारा. ‘ईएल ३४’ मध्ये ‘३’ आला की पाया आठ जाड पिनांचा.

अमेरिकेत याच व्हॉल्व्हची नावे वेगळी. ईसीसी ८३ म्हणजे १२ एएक्स ७, ईएल ८४ म्हणजे ६ बीक्यू ५, ईझेड ८१ म्हणजे ६ सीए ४. ईएल ८४ च्या जागी चालणारा रशियन व्हॉल्व्ह ६ पी १४ पी या नावाने येतो. ही ओळख नसलेला माणूस मुंबईपर्यंत जातो आणि ‘ईएल ८४ नाही’ एवढे ऐकून परत येतो. दुकानदाराच्या फळीवर ६ बीक्यू ५ पडलेला असतो.

उलटी चूक जास्त महागात पडते. ईसीसी ८१, ईसीसी ८२ आणि ईसीसी ८३ दिसायला सारखे असतात, एकाच सॉकेटमध्ये बसतात. पण ईसीसी ८३ चा वर्धनांक १०० च्या आसपास, ईसीसी ८१ चा ६० आणि ईसीसी ८२ चा २० च्याही आत. चुकीचा लावला तर पेटी चालू होते, पण दबक्या आवाजात बोलते, आणि माणूस दोष भोंग्यात शोधत बसतो.

व्हॉल्व्ह कुठे सापडतात?

एकेकाळी हे भाग आपल्याच देशात बनत. बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि १९६१ पासून तिने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. ‘बीईएल’ अशी अक्षरे छापलेल्या त्या काचा देशभरच्या रेडिओंत आणि ॲम्प्लिफायरमध्ये बसल्या. आता त्या नव्या मिळत नाहीत. न वापरलेला जुना माल मात्र अजून फिरतो आणि परदेशातले शौकीनही तो मागवतात.

म्हणून पहिला शोध घरातच घ्यायचा. माळ्यावर पडलेला मोठा रेडिओ किंवा रेडिओग्राम लाकूड कुजले म्हणून भंगारात निघतो, पण त्यातला ईएल ८४ शाबूत असू शकतो. दुसरा शोध पुण्यात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशीब असेल तर अख्खी पेटीच मिळते. तिसरा शोध मुंबईत. ग्रँट रोडजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे सगळ्यांचा लॅमिंग्टन रोड, आणि तिथून फार लांब नसलेला चोरबाजार.

नवे व्हॉल्व्हही बनतात, पण मोजक्याच ठिकाणी: मुख्यतः रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये. कारखाने इतके थोडे की एकाची कडी लागली तर जगभर टंचाई होते. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाच्या निर्यातबंदीत व्हॉल्व्हही अडकले, तेव्हा काही आठवडे गिटारवाल्यांची झोप उडाली होती. पुढे पुरवठा पुन्हा सुरू झाला, पण मोजक्या कारखान्यांवर सारे अवलंबून असणे किती नाजूक आहे, हे सगळ्यांना कळले.

जुना व्हॉल्व्ह विकत घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. काचेच्या आत वरच्या बाजूला चंदेरी, आरशासारखा डाग असतो. तो चकचकीत असेल तर आतली पोकळी शाबूत आहे. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. छापील नाव पुसून दुसरे छापण्याचे प्रकारही होतात, म्हणून फक्त अक्षरांवर विश्वास ठेवू नये. आतली रचना ओळखीच्या व्हॉल्व्हशी ताडून पाहावी. शेवटच्या टप्प्यात दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करत असतील तर शक्यतो जुळणारी जोडीच घ्यावी. बैलजोडीत एक दांडगा आणि एक मरतुकडा जुंपला तर गाडी सरळ चालत नाही.

काही रुपयांचा कंडेन्सर

व्हॉल्व्हचे एवढे कौतुक झाले, पण जुनी पेटी बंद पडते ती बहुतेक वेळा व्हॉल्व्हमुळे नव्हेच. दोष असतो कंडेन्सरमध्ये. इंग्रजी पुस्तके त्याला कपॅसिटर म्हणतात, जुने मेकॅनिक कंडेन्सर.

मोठ्या गोल डब्यांसारखे दिसणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वीज साठवून एसीची घरघर गाळतात. त्यांच्या आतला ओलावा वर्षानुवर्षे सुकत जातो आणि पेटी घूं घूं करू लागते. जुन्या डब्यांवर ८, १६, ३२ मायक्रोफॅरड असे आकडे असतात. आजच्या बाजारात ते नाहीत. तिथे १०, २२, ३३, ४७ मिळतात. १६ च्या जागी २२ आणि ३२ च्या जागी ३३ घेतला तर बहुधा चालते. अट एवढीच की व्होल्टेजचा आकडा मूळच्यापेक्षा कमी नको. ‘मोठा लावला तर जास्त चांगला’ हा मात्र गैरसमज आहे. एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह पेटीत असेल, तर त्याच्यापुढचा फार मोठा कंडेन्सर सुरुवातीला इतका प्रवाह खेचतो की तो व्हॉल्व्हच खराब होतो.

दुसरा प्रकार छोट्या कागदी कंडेन्सरचा. एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे आवाज जाऊ द्यायचा आणि मोठे व्होल्टेज अडवायचे, हे त्याचे काम. तो गळू लागला की मोठे व्होल्टेज थेट पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पोचते. तो व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढतो, त्याची पट्टी लालबुंद होते आणि शेवटी ट्रान्सफॉर्मर जळतो. काही रुपयांच्या कंडेन्सरपायी असा भाग जातो, जो कोणत्याच दुकानात मिळत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक आवाज ऐकायच्या आधी हे कंडेन्सर बदलतो. ६३० व्होल्टचे पॉलिएस्टरचे नवे कंडेन्सर सहज मिळतात आणि पिढीभर टिकतात.

बाकीचे भाग सोपे. खरखर करणारा व्हॉल्यूम कंट्रोल साफ होतो किंवा बदलतो. सॉकेटच्या ढिल्या पिना घट्ट करता येतात. भोंग्याच्या युनिटचा डायफ्रॅम तालुक्याच्या गावात मिळतो. स्पीकरचा फाटलेला कागदी कोन बदलून देणारे कारागीरही आहेत.

जे विकत मिळत नाही ते गावात बनते

उरला ट्रान्सफॉर्मर. पेटीचे वजन त्याचेच आणि खरी अडचणही त्याचीच. विजेचा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे एकीकडे ६.३ आणि दुसरीकडे तीन-चारशे व्होल्ट करतो. दुसरा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हला भोंग्याशी जोडतो. एका पेटीचा दुसरीला बहुधा बसत नाही, आणि पंचावन्न-साठ वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा ट्रान्सफॉर्मर कुणी फळीवर ठेवत नाही.

पण इथे आपला भाग नशीबवान आहे. नीरा डाव्या कालव्याने आणि उजनीच्या पाण्याने ऊस आणला, उसाने विहिरींवर आणि नदीकाठी मोटारी आणल्या, मोटारी जळू लागल्या आणि जळालेल्या मोटारी भरून देणारी रिवायंडिंगची दुकाने गावोगाव उभी राहिली. तांब्याची तार, इन्सुलेशनचा कागद, व्हार्निश आणि वेढे मोजायची सवय, हे सगळे तिथे आधीपासून आहे. ट्रान्सफॉर्मरला लागते तेही हेच. जळालेला ट्रान्सफॉर्मर उकलताना प्रत्येक थराचे वेढे मोजायचे, तारेची जाडी गेजवर बघायची, कुठून कुठली तार बाहेर आली ते वहीत लिहून ठेवायचे, आणि तसाच पुन्हा भरायचा. विजेचा ट्रान्सफॉर्मर चांगला रिवायंडिंगवाला भरून देऊ शकतो.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरला जास्त सब्र लागतो. ईएल ८४ च्या जोडीला सुमारे ८,००० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. हे प्रमाण हजारास एक. त्याचे वर्गमूळ सुमारे ३२, म्हणजे एका बाजूच्या ३२ वेढ्यांमागे दुसऱ्या बाजूला एक वेढा. शिवाय दोन्ही बाजूंचे थर एकाआड एक घालावे लागतात, नाहीतर वरचे सूर बसतात आणि आवाज कोंदट येतो. मोटार भरणाऱ्याचा हात आणि रेडिओ मेकॅनिकचे गणित एका टेबलावर आले, तरच हे काम होते. ही दोन्ही माणसे आपल्या बाजारपेठेत आहेत. पण व्हॉल्व्ह कळणाऱ्या मेकॅनिकांची पिढी आता साठी-सत्तरीत आहे, आणि त्यांच्या टेबलाशेजारचे उमेदवारीचे स्टूल बहुतेक ठिकाणी रिकामे आहे. मोबाइल दुरुस्तीत चार पैसे लवकर मिळतात, त्याबद्दल पोरांना दोष देता येत नाही. व्हॉल्व्ह आज ना उद्या कुठून तरी येईल. ते हुनर पार्सलने येणार नाही.

आधी जीव, मग आवाज

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ही पेटी घरी उघडून बघण्याचा खेळ नाही. आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. जाणता मेकॅनिक आधी रेझिस्टन्स लावून ती उतरवतो, मीटरने खात्री करतो, मगच हात घालतो.

वर्षानुवर्षे बंद पेटीला ‘बघू तर चालते का’ म्हणून थेट प्लग लावणे ही सर्वांत महागडी चूक. तिला डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज द्यावे लागते, किंवा निदान सिरीज बोर्डवर लावावे लागते. सिरीज बोर्डवर विजेच्या वाटेत एक बल्ब असतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. यासाठी जुना तारेचा बल्बच हवा, एलईडी चालत नाही. आता तो बल्बसुद्धा शोधावा लागतो.

भंगारात देण्याआधी

मशिदीची कमिटी असो, देवळाचे ट्रस्टी असोत की गणेश मंडळ, जुन्या सामानाचा हिशेब बहुतेक ठिकाणी सारखाच लागतो. नवा सेट हलका, स्वस्त आणि जास्त वॉटचा. जुना कोपरा अडवतो. मग कुणीतरी म्हणते, भंगारवाला बोलवा. भंगारवाल्याला त्यातले फक्त तांबे आणि लोखंड हवे असते. म्हणजे तो सर्वांत आधी फोडतो ट्रान्सफॉर्मर, आणि परत मिळत नाही तो नेमका तोच भाग. व्हॉल्व्हच्या काचा कचऱ्यात जातात. किलोच्या भावाने हातात काही रुपये येतात आणि दुसऱ्या एका पेटीला जगवू शकले असते असे सगळे सामान संपते.

त्या पेटीवर ऑइलपेंटने लिहिलेले नाव कुणाच्या तरी आजोबांचे असते. कुणी आईच्या नावाने दिलेली असते, कुणी पहिल्या उसाच्या बिलातून. उर्दूत त्याला अमानत म्हणतात, मराठीत ठेव. ठेव सांभाळायची म्हणजे ती कायम वापरलीच पाहिजे असे नाही. रोजच्या कामाला नवा सेट योग्यच आहे. पण जुना मोडीत काढण्याआधी तीन कामे करता येतात. पहिले, तो चालू न करता जाणत्या मेकॅनिकला दाखवणे. दुसरे, आतल्या व्हॉल्व्हची नावे आणि ट्रान्सफॉर्मरवरचे आकडे लिहून, फोटो काढून ठेवणे. तिसरे, दुरुस्त होण्यासारखा नसेल तर तो अख्खाच्या अख्खा मेकॅनिकला किंवा शिकणाऱ्या मुलाला देणे.

तालुक्यात आयटीआय आहेत, इंजिनिअरिंगची मुले आहेत, गिटार आणि बेंजो वाजवणारे आहेत, मोटारी भरणारे आहेत. सुट्टीत दोन मुलांनी जरी एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या शेजारी बसून एक पेटी उघडली, वेढे मोजले, कंडेन्सर बदलले आणि सिरीज बल्ब मंद होताना पाहिला, तरी ते हुनर आणखी एक पिढी टिकेल. यंदाच्या साफसफाईत कोठीतून एखादी जड पत्र्याची पेटी निघालीच, तर वजनकाट्यावर ठेवण्याआधी तिची जाळी काढून आत कोणते व्हॉल्व्ह आहेत तेवढे बघावे. ईएल ८४ ची एखादी जोडी शेजारच्या गावात कुणीतरी शोधत असेल.